चाचांच्या होडीचे दोन कार्बोरेटर

कळंबला हायवेच्या कडेला माझं पंप-नोझलचं दुकान आहे. ही पाटी वाचून आजवर लोक माझ्याकडे विहिरीवरची मोटर घेऊन आलेत, फवारणीचा पंप घेऊन आलेत, आणि एक बाई तर सायकलीत हवा भरायला नातवाला घेऊन उभ्या होत्या. म्हणून आधीच सांगून टाकतो. डिझेलच्या इंजिनात डिझेल आपोआप जात नाही. ते मोजून, मोठ्या दाबानं ढकलावं लागतं. मोजून ढकलतो तो पंप आणि आत त्याचा बारीक फवारा करतं ते नोझल. ट्रॅक्टर असो, टेम्पो असो की जीप, हे दोन बिघडले की इंजिन काळा धूर ओकतं, नाहीतर चढाला धापा टाकतं. मग लोक पंप सोडवून, गोणपाटात गुंडाळून माझ्याकडे आणतात. मी तो खोलतो, झिजलेलं बदलतो आणि तपासणीच्या मशिनवर चढवतो. मशिनला ओळीनं काचेच्या नळ्या आहेत. इंजिनाला जितके सिलेंडर तितक्या नळ्यांत डिझेल पडतं. सगळ्या नळ्यांतली पातळी एका रेषेत आली की माझं काम झालं. ती रेष जुळेपर्यंत मी पंप हातात देत नाही, गिऱ्हाईक दारात कितीही येरझाऱ्या घालो.

ह्या रेषेपायी माझी काही गिऱ्हाइकं तुटली, आणि तुटलेली काही परत आली. डिंगोऱ्याचे एक बागायतदार होते. त्यांचा ट्रॅक्टर शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरपेक्षा मागे पडत होता आणि ते त्यांच्या जिवाला लागलं होतं. ‘डिझेल जरा जास्त सोडा’ असा त्यांचा आग्रह. मी म्हटलं, जास्त सोडून ताकद येत नाही, धूर येतो. त्यांनी दुसरीकडून सोडवून घेतलं. आठवड्यानं गृहस्थ पंप घेऊन हजर. ट्रॅक्टर अंगणात चालू करून ठेवला होता आणि तिथेच बाजेवर वाळत घातलेल्या कुरडया काळ्या झाल्या होत्या. त्यांना माझं म्हणणं पटलं नव्हतं. बायकोनं पाठवलं होतं.

तर असा हा धंदा. आता नव्या गाड्यांत सगळं कॉम्प्युटरच्या ताब्यात गेलं आणि त्यांचे पंप माझ्या मशिनवर बसतच नाहीत. जुने ट्रॅक्टर आणि घाटाकडच्या जीपा आहेत तोवर माझं बरं चाललंय, पण दुपारी हात रिकामे असतात. अशाच एका दुपारी, गेल्या हिवाळ्यात, जुन्नरचे हमीदचाचा मणियार बांगड्यांचं एक खोकं काखोटीला मारून दुकानात आले.

चाचांचं जुन्नरच्या पेठेत बांगड्यांचं दुकान. त्यांच्या मालाच्या टेम्पोचा पंप वर्षानुवर्षं माझ्याकडेच यायचा. खोक्यात बांगड्या नव्हत्या. भुशात नीट बसवलेल्या दोन ओबडधोबड, पांढुरक्या वस्तू होत्या, प्रत्येकीच्या डोक्यावर देवळातल्या घंटेसारखं अॅल्युमिनियमचं टोपण. मी ओळखलं, कार्बोरेटर आहेत. पण मोटरसायकलचे असतात तसे नाहीत, आणि एका गाडीला दोन.

मी सांगितलं की चाचा, हे पेट्रोलचं काम आहे, मी डिझेलवाला. ह्यातलं मला काही कळत नाही.

“ते ठाव हाय मला,” चाचा म्हणाले. “कळणारा पुण्याला हाय, पन त्यो म्हनतो गाडीच हितं सोडा. मला मोजून देनारा मानूस पायजे. तुमी शिकून घ्या.”

पंचावन्नाव्या वर्षी मला कुणी शिकून घ्यायला सांगेल असं वाटलं नव्हतं. मी खोकं ठेवून घेतलं.

त्या गाडीबद्दल सांगायला हवं. विलायती, दोन सीटांची, वरून उघडी, बुटकी आणि लांबुळकी स्पोर्ट्‌स गाडी. रंग गडद हिरवा. जुन्नरात तिला ‘चाचांची होडी’ म्हणतात. चाचांच्या तरुणपणी मुंबईचे एक साहेब माळशेजकडे जाताना ती बंद पडली आणि साहेब वैतागून ती चाचांना विकून एस.टी.नं गेले. चाचांनी ती काही वर्षं फिरवली. ईदला, लग्नात, आणि घाटघरला नाणेघाटाच्या तोंडापर्यंत, उगाच वारा खायला. मग सुटे भाग मिळेनात, तेव्हा ती दुकानामागच्या गोदामात ताडपत्रीखाली गेली, ती गेलीच.

आता चाचांचा मुलगा इम्रान दुकान बघतो. पस्तिशीचा, हुशार, बोलायला तुटक पण वागायला चोख. त्याला गोदामाची जागा हवी होती. लग्नाचा चुडा भरायला येणाऱ्या बायका दुकानात उभ्या ताटकळतात, त्यांना बसायला ऐसपैस जागा करायची. यात चुकीचं काही नव्हतं. जुन्या गाड्या जमवणारे पुण्याचे एक साहेब गाडी न्यायला तयार होते. बापलेकांत महिनाभर धुसफूस झाली आणि शेवटी इम्राननं अट घातली. गाडी स्वतःच्या ताकदीनं, कुणी न ढकलता, घाटघरचा चढ चढून परत आली तर ती राहील. नाहीतर ट्रकवर चढून पुण्याला जाईल. साहेबांना त्यानं पुढच्या महिन्यातल्या एका रविवारी बोलावूनही ठेवलं.

जुन्नरच्या मिस्त्रीनं इंजिन फिरतं केलं होतं, ब्रेक आणि टायरही झाले होते. अडलं होतं ते कार्बोरेटरवर. चाचा जाताना दुकानाच्या पायरीवर थांबले आणि म्हणाले, “मी गेल्यावर काय करायचं ते करू द्या त्याला. पन माझ्या म्होरं ती टरकात चढवून नेऊ नये, इतकंच.”

मी शिकायला बसलो.

डिझेलचा पंप आणि कार्बोरेटर यांच्यात फरक काय, तर वाढणाऱ्याच्या स्वभावाचा. पंप ताटात मोजून वाढतो. जितकं दिलं तितकंच. कार्बोरेटर पातेलं समोर ठेवतो आणि ज्याला जितकी भूक, त्यानं तितकं ओढून घ्यावं म्हणतो. इंजिन श्वास घेतं, तो श्वास कार्बोरेटरच्या गळ्यातून जातो आणि जाता जाता थोडं पेट्रोल सोबत घेऊन जातो. ह्या विलायती कार्बोरेटरात घंटेखाली एक पिस्टन असतो. इंजिननं जोरात श्वास घेतला की तो वर उचलला जातो, सावकाश घेतला की खाली येतो. पिस्टनच्या बुडाला निमुळती होत गेलेली सुई असते आणि ती एका बारीक भोकात खालीवर होते. सुई वर गेली की भोक मोकळं, पेट्रोल जास्त. खाली आली की कमी. झालं. तराजू नाही, मापटं नाही. इंजिनाच्या श्वासावर सगळा कारभार. आयुष्यभर मोजून वाढलेल्या माणसाला हे जरा सैल वाटलं, खोटं कशाला सांगू.

पहिला कार्बोरेटर खोलला तेव्हा त्याच्या तोंडात कुंभारमाशीचं मातीचं घर निघालं, चांगलं तीन खोल्यांचं. दुसऱ्याच्या बाजूच्या वाटीत, जिथं पेट्रोल साठतं आणि त्यावर पितळेचा पोकळ तरंगा डुलतो, तिथं जुन्या पेट्रोलची काकवी झाली होती. हे सगळं पेट्रोलमध्ये भिजवून, ब्रशनं घासून, तारेनं टोकरून साफ करण्यात पहिला आठवडा गेला.

एक गोष्ट मला कुणी सांगायची गरज पडली नाही. पिस्टन आणि त्याची घंटा ही जोडी असते. ह्याची त्याला घालायची नाही. आमच्या पंपातही तसंच असतं. म्हणून मी घरून दोन ताटल्या आणल्या, एकीत पुढच्या कार्बोरेटरचं सामान, दुसरीत मागच्याचं. तिसऱ्या दिवशी आमच्या मंडळींनी पोहे करायला घेतले आणि ताटल्या शोधत दुकानात आल्या. त्यांनी एक ताटली नाकाशी धरली आणि परत खाली ठेवली.

“ह्या आता तुमच्याच,” त्या म्हणाल्या. “जेवायला बी ह्यातच वाढीन.”

मुंबईहून कुरियरनं दुरुस्तीचं किट आलं. नव्या सुया, नवी भोकं म्हणजे जेट, वॉशर, बुचाच्या चकत्या. सोबत इंग्रजीचा एक दाट छापील कागद. त्यातल्या आकृत्या मी पाहिल्या, आकडे वाचले. तरंगा किती उंचीवर पेट्रोल बंद करतो ते ठरावीक जाडीचा गज अडकवून बघायचं होतं. तसा गज माझ्याकडे नव्हता, तर लेथवर तोडून घेतला आणि मायक्रोमीटरनं तपासला. सुई पिस्टनच्या बुडाशी नेमकी समपातळीत बसवली. जेट मधोमध बसवताना जीव मेटाकुटीला आला, कारण ते केसभर जरी कलंडलं तरी सुई त्याला घासते. सैल ठेवायचं, पिस्टन सोडायचा, आवळायचं, परत सोडायचा. ओळीनं चार दुपारी तेच. त्या दिवसांत एका ट्रॅक्टरवाल्यानं बाहेरूनच विचारलं की भाऊ, घंटा कोणत्या देवळाची?

सगळं झाल्यावर मी प्रत्येक भाग तेलाचं बोट लावून बसवला. हे लिहितानाही माझा हात तसाच हलतो. पंपाचा कुठलाही भाग कोरडा बसवायचा नसतो. कोरडा बसवला तर पहिल्याच फेऱ्याला चिरतो. पिस्टनच्या कडेला, घंटेच्या आतल्या अंगाला, सगळीकडे पातळ तेलाचा हात फिरवला. कागदावर त्याबद्दल काहीतरी छापलेलं होतं. पण त्या ओळीत आकडा नव्हता, म्हणून मी ती वाचली नव्हती.

पिस्टन उचलून सोडले. दोन्ही खाली येऊन बसले. माझ्या लेखी माल पास.

गुरुवारी जुन्नरला जाऊन कार्बोरेटर गाडीवर चढवले. चाचांनी चावी फिरवली. गाडी दोनदा खोकली आणि तिसऱ्यांदा सुरू झाली. गोदामात तो आवाज इतका भरला की शेल्फावरच्या बांगड्या किणकिणायला लागल्या. चाचांनी हात वर करून आधी बांगड्यांकडे बघितलं, मग गाडीकडे. दोन्ही कार्बोरेटर सारखाच श्वास घेतायत का ते बघायला रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं त्यांच्या तोंडाशी धरायचं असतं. माझे कान मशिनच्या घरघरीत निम्मे गेलेत, पण मी माझ्या परीनं दोन्हींचे सुस्कारे जुळवले.

रविवारला मध्ये अजून दोन दिवस होते. इम्रानला न सांगता आपण आजच एकदा जाऊन येऊ, असं चाचांच्या मनात आलं. मला नाही म्हणवेना. ते चालवायला, मी शेजारी.

होडीत बसल्यावर माणूस रस्त्याच्या इतका जवळ असतो की समोरून येणाऱ्या बैलाच्या पोटाखालून पलीकडचं दिसतं. आपटाळ्यापर्यंत गाडी अशी पळाली की चाचांनी टोपी काढून मांडीखाली ठेवली. भातकाढणीचे दिवस होते. ठिकठिकाणी रस्त्याच्या कडेला झोडणी चालली होती, पेंढ्याचं भूस हवेत तरंगत होतं आणि आम्ही त्यातून मोठ्या ऐटीत जात होतो. लोक हातातलं काम टाकून बघत होते. चावंडच्या पुढं चढ लागला. अर्ध्या चढावर गाडी अडखळली, पेट्रोलचा उग्र वास आला, दोन सिलेंडरांवर थोडी लंगडली आणि थांबली.

“बंद पडली म्हनू नका,” चाचा म्हणाले. “वाढली म्हना.” बांगडी फुटली असं त्यांच्या दुकानात कुणी म्हणत नाही, वाढली म्हणतात. पण त्यांचा चेहरा काही हसत नव्हता.

मी वायरी पाहिल्या, प्लग पाहिले, पेट्रोलची टाकी पाहिली. कार्बोरेटरना हात लावला नाही. जे मी स्वतः पास करून दिलंय ते रस्त्यावर खोलायची माझी पद्धत नाही. तासभर मी त्याच पद्धतीनं वागलो आणि गाडी तशीच उभी राहिली.

शेवटी घाटघरहून जुन्नरला निघालेली सवाऱ्यांची जीप आली. ड्रायव्हर बाळू माझ्या ओळखीचा, डोंगराकडचा. त्यानं कासरा काढला आणि होडी जीपमागं बांधली. आतल्या म्हाताऱ्यांनी मागं वळून मला नीट बघून घेतलं.

“मास्तर,” बाळू म्हणाला, “ह्या जीपचा पंप तुमीच बांधलाय. बघा कसा वढतोय.”

त्याला खरंच बरं बोलायचं होतं. मीही मान डोलावली. माझ्याच हातच्या डिझेल पंपामागून, माझ्याच हातचे दोन कार्बोरेटर कासऱ्यानं ओढले जात होते.

जुन्नरच्या पेठेतून ती वरात गेली तेव्हा चाचा सरळ बसून स्टिअरिंग धरून होते. कुणी सलाम केला तर सलाम घेत होते, कुणी काही विचारलं तर मान हलवत होते. इम्रान दुकानाच्या दारात उभा होता. त्यानं जीपचा कासरा सोडवायला मदत केली, बाळूला चहा दिला आणि वडिलांना एवढंच सांगितलं की साहेबांचा फोन आला होता, रविवारी दुपारी ट्रक घेऊन येतायत.

त्या रात्री घरी मंडळींनी विचारलं की काय झालं. मी म्हटलं, बहुतेक गाडीच जुनी आहे. त्या म्हणाल्या, “गाडी जुनी हाय म्हनून तर तुमच्याकडं आणली न्हाई का?”

शुक्रवारी दुपारची नमाज झाल्यावर आम्ही गोदामात बसलो. मी, चाचा आणि होडी. इम्रान दारात स्टुलावर बसून दुसऱ्या दिवशीच्या एका लग्नाचा चुडा लावत होता. हिरव्या बांगड्या डझनभर बोटांवर घ्यायच्या, हलकेच वाजवायच्या, आणि एखादी पिचलेली असेल तर आवाजावरून वेगळी काढायची. ह्या लोकांना बांगडी डोळ्यांसमोर धरावी लागत नाही. केसाइतकी चीर असली तरी ती बांगडी बद्द वाजते आणि त्यांचं बोट बरोबर तिच्यावर जातं.

मी कार्बोरेटरचे हवेचे डबे काढले. आत बोट घालून पुढचा पिस्टन उचलला आणि सोडला. टक्. मागचा उचलला आणि सोडला. तोही बसला. मी चाचांना म्हटलं, बघा, दोन्ही बसतात. ह्यात दोष नाही.

“मागचं बद्द वाजतंय.”

इम्रान बोलला होता. त्यानं वरही बघितलं नव्हतं. बोटावरच्या बांगड्या मात्र थांबल्या होत्या.

मी परत सोडून बघितला. मला दोन्ही सारखेच ऐकू आले. मी चाचांकडे बघितलं.

“मलाबी कालपासनं वाटत व्हतं,” चाचा जरा ओशाळून म्हणाले. “पन तुमचं आकडं बरूबर व्हतं, म्हनून गप ऱ्हायलो.”

मी मागच्या घंटेचे स्क्रू काढले. आत मी प्रेमानं लावलेल्या तेलावर पेंढ्याचं भूस आणि रस्त्याची धूळ बसून चिखल झाला होता. थंड असताना पिस्टन त्यातून कसाबसा खाली यायचा. इंजिन तापलं, चढ लागला, पिस्टन एकदा वर गेला की तिथंच चिकटून बसायचा. जिथं कमी वाढायचं तिथं पातेलंच्या पातेलं ताटात. पुढचा नशिबानं अजून सुटा होता, पण त्याचंही अर्ध्या वाटेवर तेच चाललं होतं.

किटचा तो कागद मी इम्रानपुढं केला. इंग्रजी त्याचं माझ्यापेक्षा बरं. त्यानं ओळीवर बोट ठेवून मराठीत सांगितलं की घंटेची आतली बाजू आणि पिस्टनची कड स्वच्छ, कोरडी ठेवावी. तेल फक्त मधल्या पोकळ दांड्यात, तेही थोडं. वाचून झाल्यावर त्यानं कागदाची घडी केली आणि माझ्या हातात दिली. हसला नाही. हसला असता तर मला सोपं गेलं असतं.

मी दोन्ही घंटा पेट्रोलनं पुसल्या, मऊ धोतराच्या फडक्यानं कोरड्या केल्या, परत पुसल्या. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा मी एखादी गोष्ट कोरडी बसवत होतो. आपण काहीतरी पाप करतोय असं वाटत होतं. पिस्टन सोडला. टक्.

“अजून जरा,” इम्रान म्हणाला.

आता जेट पुन्हा मधोमध आणायचं होतं. मी सैल करून केसभर सरकवायचो आणि पिस्टन सोडायचो. इम्रान दारातून मान हलवायचा. मग तो स्टूल घेऊन आत आला. मग स्टूल सोडून बॉनेटवर वाकला. मी आवळायचो आणि तो ऐकायचा. पुढच्याचा आवाज मागच्याशी जुळला की तो म्हणायचा, आता मागचा पुढच्याशी लावून बघा. दुकानात दोनदा गिऱ्हाईक आलं आणि हाका मारून गेलं. शेवटी चाचा उठले आणि स्वतः गल्ल्यावर जाऊन बसले.

नंतर इंजिन चालू करून नळी त्याच्याच कानाला दिली. माझे जुळवलेले सुस्कारे त्यानं दोन मिनिटांत नापास केले.

मला राहवलं नाही. मी विचारलं की बाबा, गाडी चढली तर तुझा व्यवहार मोडतो. मग तू हे का करतोस?

त्यानं फडक्याला हात पुसले. “बद्द माल मी गिऱ्हाईकाला देत न्हाई काका. पुण्याला जायची असंल तर जाईल. पन नीट वाजत जाऊ दे.”

रविवारी सकाळी मी मंडळींना घेऊन जुन्नरला गेलो. आम्ही पोचेपर्यंत बापलेक निघूनही गेले होते. चाचा चालवायला आणि इम्रान शेजारी, अट पुरी होते की नाही ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायला. घाटघरकडे फोनला रेंज नसते. मी मनातल्या मनात अंतराला वेगानं भागत होतो, चढाचा वेळ वेगळा धरत होतो, आणि आलेलं उत्तर केव्हाच उलटून गेलं होतं. चाचींनी मला दोनदा आत येऊन बसायला सांगितलं. मंडळींनी बांगड्या भरून घेतल्या, म्हणजे एकूण वेळ वाया गेला असं नाही.

दुपारी पुण्याचे साहेब आले. मागे ट्रक. माणूस भला निघाला, गाड्यांवर खरा जीव असलेला. गाडी जागेवर नाही हे कळल्यावर रागावले नाहीत, उलट कुठं गेलीय ते ऐकून खूश झाले आणि ओट्यावर माझ्याशेजारी चहा घेत बसले. कार्बोरेटर मी केले हे कळल्यावर त्यांनी बरंच विचारलं. मी तेलाची गोष्टसुद्धा सांगितली. ते म्हणाले, त्यांच्या पहिल्या गाडीच्या वेळी त्यांनीही तेच केलं होतं. मला फार बरं वाटलं. माणूस एकटा चुकला की मूर्ख असतो, दोघे चुकले की अनुभवी.

मग पेठेच्या टोकाला आवाज आला. मी तो ओळखला आणि उठून उभा राहिलो. होडी येत होती, कासरा नाही, पुढं जीप नाही. चालवत होता इम्रान. चाचा शेजारी बसले होते, टोपी मांडीवर आणि विरळ पांढरे केस सगळे उभे. आम्ही ओट्यावरून खाली उतरलो. साहेबांनी ट्रकवाल्याला हातानंच थांब म्हणून खूण केली.

गाडी आमच्यासमोरून निघून गेली. चाचांनी जाता जाता आमच्याकडे बघून हात केला. इम्राननं समोरच बघितलं.

“ब्रेक लागंना का काय?” मंडळी म्हणाल्या.

थोड्या वेळानं गाडी एस.टी. स्टँडकडून परत आली आणि उलट दिशेनं पुन्हा दारावरून गेली. चाचींनी पदर तोंडाला लावला. साहेबांनी कप खाली ठेवला.

तिसऱ्या खेपेला होडी दारात थांबली. चाचा उतरले, पाय झटकले, ओट्यावर बसले आणि पाणी मागितलं. इम्राननं इंजिन बंद केलं नाही. उतरून सरळ बॉनेट उचललं आणि आत वाकला.

“काका,” त्यानं मला हाक मारली, “चढाला दोन्ही सारखं ओढत व्हतं. उताराला मागचा जरा जास्त सुस्कारा टाकतोय. नळी आणलीय का?”

साहेब त्याच्याजवळ गेले आणि हळूच म्हणाले, “मग आपलं बोलणं? ट्रक आणलाय मी.”

इम्राननं डोकं बाहेर काढलं नाही. “साहेब, जरा थांबा. गाडी तापलेली हाय तवर ऐकून घेतो.”

मग साहेबांनी ट्रकवाल्याला जवळ बोलावलं, काहीतरी सांगितलं, आणि तो रिकामाच ट्रक पुण्याकडे वळवायला लागला.